दोडक्याचे कोवळे फळ पिवळे पडून गळते: फवारणीआधी काय तपासावे

पहिल्यांदाच परसबाग करणाऱ्यांची एक तक्रार आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि गणेश चतुर्थीपर्यंत चालू राहते. मृगाला लावलेला दोडका, दुधी भोपळा किंवा काकडी मांडवावर चांगली चढलेली असते, पाने हिरवीगार असतात, फुलेही भरपूर येतात. परंतु बोटभर लांबीचे फळ दिसू लागले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते टोकाकडून पिवळे पडते, सुकते आणि हात लावताच देठापासून सुटते. यावर दुकानात विचारले तर बहुधा एक बाटली फवारणीची आणि एक पुडी खताची हातात पडते. माझ्या पहिल्या वर्षी मी दोन्ही आणली, दोन्ही वापरली आणि त्या हंगामात अडीच-तीन महिन्यांत घरच्या दोडक्याची भाजी जेमतेम चार वेळा केली.

अनगोळच्या बाजूला असलेल्या माझ्या अर्ध्या गुंठ्याच्या परड्यात हे पुढची दोन वर्षेही घडत राहिले. त्यातून जे कळले ते येथे दोडक्याच्या निमित्ताने लिहीत आहे, कारण या भागातील घरगुती मांडवांवर दोडकाच सर्वांत जास्त असतो आणि त्याचीच तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते.

गळले ते नेमके काय?

पुष्कळदा ज्याला आपण फळगळ समजतो ती फक्त नर फुलांची गळ असते आणि तिच्यावर काहीही उपाय करायचा नसतो. दोडक्याच्या वेलाला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुले एका लांब दांड्यावर घोसाने येतात, रोज एकेक उमलते आणि दुसऱ्या दिवशी गळून पडते. मादी फूल पानाच्या बगलेत एकटे येते आणि त्याच्या पाकळ्यांखाली धारा असलेला एक इवलासा दोडका उमलण्याच्या आधीपासूनच दिसत असतो. वेलावर आधी नर फुले येतात, मादी फुले काही दिवसांनी दिसू लागतात, आणि पुढेही एका मादी फुलामागे दहा-वीस नर फुले असणे हे नेहमीचेच आहे. सकाळी मांडवाखाली पिवळ्या फुलांचा सडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. त्या सड्यात छोटे दोडके आहेत का, एवढेच पाहावे.

हा फरक मला शेजारच्या अक्कांनी दाखवला. त्या कन्नड बोलतात, दोडक्याला हिरेकाई म्हणतात आणि माझ्या मांडवाखाली उभ्या राहून एकेका फुलाकडे बोट दाखवत ‘हेण्णु’ कोणते ते मला शिकवत होत्या. शंभरेक फुलांमध्ये त्या दिवशी मादी फुले सहा निघाली. तोपर्यंत मी फुलांची संख्या पाहून भाजीचा हिशेब करत होतो.

मादी फुले जवळजवळ नसतीलच आणि वेल मात्र ताटाएवढ्या काळपट हिरव्या पानांनी माजला असेल, तर नत्र जास्त झाले आहे असे समजावे. ताजे शेण, कोंबडीखत किंवा मूठमूठभर युरिया घातलेल्या जागी हे हमखास होते. अशा वेळी पंधरा-वीस दिवस कोणतेही नत्रयुक्त खत देऊ नये आणि वाट पाहावी. माझ्या पहिल्या वर्षीच्या ‘खताच्या पुडी’त युरियाच होता, हे पुढे लक्षात आले.

फळ कापून पाहणे

गळलेली फळे छोटे दोडकेच असतील, तर ती फेकून देऊ नयेत. आठवडाभरात पडलेली आणि पिवळी पडलेली फळे गोळा करावीत आणि सुरीने उभी चिरून उजेडात पाहावीत. तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी मी अशी अकरा फळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर मांडली. त्यांपैकी आठ फळांत काहीही नव्हते. गर पांढरट आणि कोरडा होता, बियांच्या जागी चपट्या पातळ टरफलांच्या ओळी होत्या, सालीवर कोठे टोचल्याची खूण नव्हती. उरलेल्या तिघांच्या सालीवर मात्र बारीक ठिपका होता, त्यावर मधाच्या रंगाचा डिंक वाळलेला होता, फळ त्या बाजूला किंचित वाकले होते आणि आतला गर तपकिरी व लिबलिबीत झाला होता. त्यातल्या एकातून तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढरी, बिनपायांची अळी बाहेर आली आणि अंग दुमडून टणकन उडाली. त्या उडीमुळे घरातली मुले आठवडाभर माझ्याकडे आणखी फळे कापण्याचा हट्ट करत होती.

त्या ओट्यावर दोन वेगळ्या समस्या शेजारी शेजारी पडलेल्या होत्या, बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या. आठ फळांना परागकण मिळालेले नव्हते आणि तीन फळमाशीने डंख केलेली होती. मी दोन वर्षे जे कीटकनाशक मारत होतो त्याचा पहिल्या आठांना उपयोग शून्य होता, उलट ज्या माश्या-पतंगांमुळे ती फळे धरली असती त्यांनाच ते मारत होते. म्हणून फळ न कापता फवारणी करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

आत काहीच नसेल तर

दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. साधारणपणे पाचनंतर पाकळ्या सुटू लागतात आणि दिवेलागणीपर्यंत फूल पूर्ण उघडते. दुधी भोपळा आणि पडवळ यांची पांढरी फुलेही संध्याकाळचीच आहेत. काकडी, कारले, घोसाळे आणि लाल भोपळा यांची फुले मात्र पहाटे-सकाळी उमलतात, आणि लाल भोपळ्याचे फूल तर दुपारच्या आत मिटलेलेही असते. संध्याकाळच्या फुलांना मधमाश्यांचा शेवटचा तासभर आणि त्यानंतर पतंग एवढाच काय तो आधार असतो. सातेरी मधमाशी अंधार पडल्यावर बाहेर नसते आणि पावसात तर ती दिवसाही पोळे सोडत नाही.

आता आपल्याकडच्या नक्षत्रांचा हिशेब यावर ठेवून पाहावा. मृग 7-8 जूनला लागतो. त्या वेळी टोकलेल्या दोडक्याला साधारण सहा-सात आठवड्यांनी मादी फुले येतात, म्हणजे जुलैचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस नुकताच संपलेला असतो आणि पुष्याचा म्हातारा पाऊस सुरू झालेला असतो. बेळगाव शहरात आणि त्याहूनही अधिक खानापूरकडे या दिवसांत संध्याकाळ कोरडी मिळणे कठीण असते. फूल उमलते, कोणी येत नाही, पावसाचे पाणी परागकणांवर पडून ते फुटून निकामी होतात, आणि मादी फुलाखालचा दोडका तीन दिवसांनी पिवळा पडतो. म्हणून ही तक्रार दरवर्षी त्याच सुमारास येते. चिकोडी, अथणी किंवा रायबागकडे पाऊस कमी असल्यामुळे तेथील मांडवांना याच दिवसांत फळ धरलेले दिसते. तिकडच्या पाहुण्यांनी ‘आमचा दोडका बघा’ असे म्हटले तर मनाला लावून घेऊ नये.

यावरचा उपाय हाताने परागीभवन करणे हा आहे आणि तो सांगतात त्यापेक्षा सोपा आहे. दुपारी मांडवाखाली जाऊन त्या संध्याकाळी उमलणारी मादी फुले हेरून ठेवावीत. कळी पिवळी होऊन टोकाशी सैल झालेली असते. पाऊस असेल तर त्यांच्यावर आणि दोन-तीन नर कळ्यांवर कागदाचा कोन किंवा छोटी पिशवी उलटी अडकवावी, म्हणजे आत पाणी जाणार नाही. साडेसहाच्या सुमारास नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या हलक्या हाताने काढून टाकाव्यात आणि मध्ये राहिलेला पिवळा परागकोश मादी फुलाच्या मधोमध असलेल्या हिरवट-पिवळ्या, तीन भागांच्या चिकट गोळीवर सगळीकडून हळूच टेकवावा. बोटाला पिवळी भुकटी लागत असेल तर पराग चांगला आहे. ओला लगदा लागत असेल तर ते फूल टाकून दुसरे घ्यावे. एका नर फुलावर दोन मादी फुले सहज होतात. काम झाल्यावर मादी फुलावर कोन पुन्हा अडकवावा आणि देठाला दोरा बांधून खूण करावी.

गोळीच्या तीनही भागांना पराग लागणे महत्त्वाचे आहे. एकाच बाजूला लागला तर फळ धरते, पण ते वाकडे होते किंवा त्याचे टोक शेपटीसारखे बारीक राहते. अशी फळे खायला पूर्ण चांगली असतात, रोगाची समजून टाकून देऊ नयेत.

पहिल्या संध्याकाळी मी एका हातात छत्री आणि दातांत टॉर्च धरून पाच फुले केली. लाल दोरा बांधलेल्या त्या पाचांपैकी चार फळे वाढली, आणि त्याच आठवड्यात दोरा न बांधलेली सगळी गळली. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. चौथ्या दिवशी फळाचा हिरवा रंग टिकून असेल आणि देठ जाड होऊ लागला असेल, तर ते फळ लागले असे धरून चालावे.

यात एक अडचण येते. परड्यात एकच वेल असेल तर काही संध्याकाळी मादी फूल असते आणि नर नसते, किंवा उलट. त्याच वेलाचे नर फूल त्याच वेलाच्या मादी फुलाला चालते, प्रश्न फक्त दोन्ही एकाच दिवशी उमलण्याचा असतो. म्हणून दोडक्याचे किमान तीन-चार वेल असावेत. गच्चीवर ड्रममध्ये लावणाऱ्यांनी चाळीस-पन्नास लिटरच्या ड्रममध्ये एकच वेल ठेवावा आणि असे तीन ड्रम करावेत. एका ड्रममध्ये तीन वेल कोंबल्याने मुळांना जागा राहत नाही.

आत अळी असेल तर

ही फळमाशी वेलवर्गीय भाज्यांची आहे. मादी माशी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते, एक-दोन दिवसांत अळ्या निघतात, गर खातात, आणि पूर्ण वाढल्या की फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या दोन-तीन बोटे थरात कोषात जातात. फवारणी सालीच्या आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. आपण वेल फवारतो तेव्हा पुढची पिढी खाली मातीत तयार होत असते.

त्यामुळे पहिले काम झाडलोटीचे. पडलेले आणि डंख झालेले प्रत्येक फळ त्याच दिवशी उचलावे. ते खतखड्ड्यात अजिबात टाकू नये, कारण तेथे अळीला कोषासाठी आयती मऊ जागा मिळते. मी अशी फळे जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवतो. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा बादलीत साबणाच्या पाण्यात तीन-चार दिवस बुडवून ठेवतो आणि मगच पुरतो. मांडवाखालची माती आठ दिवसांनी खुरप्याने वरवर हलवावी, म्हणजे कोष उघडे पडतात. बाकीचे काम साळुंक्या करतात.

दुसरे काम सापळ्याचे, आणि येथे माझी जी फसगत झाली ती इतरांची होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. फळमाशीचा कामगंध सापळा, म्हणजे आमिषाच्या वासाने माशी ओढून अडकवणारी डबी, म्हणून दुकानातून जे मिळाले ते मी मांडवाला टांगले. दहा दिवसांत डबीत मेलेल्या माश्यांचा खच पडला आणि तरीही दोडके सडतच राहिले. डबीवरचे बरेचसे लिखाण कन्नडमध्ये होते आणि मी तो मजकूर वाचण्याचा कंटाळा केला होता. त्यात आमिष होते मिथाइल युजेनॉलचे. त्याकडे आंबा-पेरूवरची फळमाशी येते. दोडका, कारले, काकडी यांवरची माशी येते ती क्यू ल्यूरकडे. दोन्ही डब्या पिवळ्या झाकणाच्या, दोन्हींवर फळमाशीचे चित्र, किंमतही जवळपास सारखी. विकत घेताना आमिषाचे नाव वाचावे, कन्नड येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे, आणि ‘भाजीच्या वेलांसाठी’ असे स्पष्ट सांगून मागावे. ती चुकीची डबी मी पुढे पेरूच्या झाडाला टांगली आणि त्या वर्षी पेरूत अळ्या बऱ्याच कमी निघाल्या, म्हणजे पैसे वाया गेले नाहीत.

योग्य आमिष मिळाले तरी एक मर्यादा ध्यानात ठेवावी: या सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात. अंडी घालणारी मादी बाहेरच असते. सापळ्यामुळे पुढच्या पिढ्या घटतात, पण आज लागलेले फळ वाचत नाही. ते वाचवायचे असेल तर झाकावे लागते. परागीभवनानंतर दोन दिवसांनी, पाकळ्या सुकल्या की, फळाला सैल पिशवी बांधावी. वर्तमानपत्राची पिशवी आमच्या पावसात एका रात्रीत लगदा होते, म्हणून मी जुन्या मलमलीच्या धोतराच्या हातभर लांबीच्या पिशव्या शिवल्या आहेत. पिशवी फळाला घट्ट चिकटू देऊ नये, कारण पातळ कापडातूनही माशी टोचू शकते. दहा-बारा पिशव्या आलटून पालटून वापरल्या तर चार माणसांच्या घराला पुरतात. दोडका फूल उमलल्यापासून आठवडाभरात खुडण्याजोगा होतो, तेवढेच दिवस झाकायचे असते.

टोकाकडून सडणे

काही फळे यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाहीत. फुलाकडच्या टोकाला ओली सड असेल आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्यांसारखे काळे ठिपके असलेली केसाळ बुरशी दिसत असेल, तर ती पावसाळी बुरशी आहे; सुकलेली फुले फळावरून काढून टाकावीत, मांडवातली दाट पाने विरळ करावीत आणि जमिनीला टेकलेली फळे वर उचलून बांधावीत. टोक करडे-तपकिरी होऊन आत दबले असेल आणि अळी-बुरशी काही नसेल, तर बहुधा पाण्याची ओढाताण झालेली असते, म्हणजे दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी भरपूर. ड्रममधल्या वेलांना उन्हाळ्यात हे जास्त होते. पाणी रोज थोडे आणि ठरल्या वेळी द्यावे, वर पाचोळ्याचे आच्छादन करावे. खानापूरकडच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लावणीआधी थोडा चुना मिसळणेही उपयोगी पडते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत चुन्याची गरज नसते, तेथे पाणी साचू नये म्हणून उंच वरंबा करण्याकडे लक्ष द्यावे.

लावणीची वेळ

हाताने परागीभवन करण्याइतका वेळ ज्यांना संध्याकाळी मिळत नाही, त्यांनी तारीख बदलावी. बेळगावच्या पश्चिमेकडे मृगाचा दोडका हा मान ठेवण्यापुरता दोन वेल लावावा आणि खरी लावण जुलैअखेरीस करावी. त्याला मादी फुले सप्टेंबरच्या मध्यावर येतात, तेव्हा पावसाला उघडीप असते आणि मधमाश्या फिरू लागलेल्या असतात. दुसरी लावण जानेवारी-फेब्रुवारीत करता येते. पाण्याची सोय असेल तर तो माल सर्वांत निर्धोक येतो. बियाणे निवडताना बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का सुमीत आणि अर्का सुजात हे दोडक्याचे वाण पाहावेत. माझ्या परड्यात सध्या अर्का सुमीतच आहे.

याच ओघात पपईबद्दल दोन वाक्ये लिहितो, कारण नव्या बागेत दोडक्यानंतर तक्रार असते ती तिची. बियांपासून केलेल्या देशी पपईत नर झाड आणि मादी झाड वेगळे असते. लांब लोंबत्या दांड्यावर फुलांचे झुबके येत असतील तर ते नर झाड आहे आणि त्याला कितीही खत घातले तरी भाजीपुरतीसुद्धा पपई मिळणार नाही. जागा कमी असेल तर रेड लेडीसारखा वाण लावावा, ज्यात नर झाडे निघत नाहीत.

शेवटी एक बारीक गोष्ट राहते. चांगला दिसतो म्हणून एखादा दोडका बियांसाठी वेलावर राखला, तर वेल आपली ताकद त्या फळातल्या बिया पिकवण्यात घालतो आणि पुढची कोवळी फळे, परागीभवन नीट झालेले असूनही, गळू लागतात. माझ्याकडे सप्टेंबरात अचानक सुरू झालेली गळ एकदा केवळ या कारणाने होती. पानाआड दडलेला हातभर लांबीचा जून दोडका काढल्यावर ती आठवड्यात थांबली. म्हणून खुडणी दर दोन-तीन दिवसांनी करावी, मांडवाच्या वरच्या बाजूनेही पाहावे आणि बियांचे फळ दसऱ्यानंतर, वेल उतरणीला लागल्यावरच राखावे. बियाणे संकरित असेल तर तेही राखू नये, कारण त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी तसाच दोडका येत नाही.